फोटोच्या फाईलमधली एडिट हिस्टरी: काय काढायचं, काय ठेवायचं आणि कशाला हात लावायचा नाही

शिरपूरच्या एका स्टुडिओवाल्या भाऊंनी विचारलंय की लग्नाच्या अल्बमची त्यांची पीएसडी टेम्प्लेट (फोटोशॉपची लेयरसकट फाईल) दर सीझनला फुगत चाललीय, लेयर तेवढेच, फोटो तेवढेच, पण उघडायला आणि सेव्ह व्हायला खूप वेळ घेते, आणि तिच्यातून काढलेली मोबाईलपुरती छोटी जेपीजी सुद्धा कित्येक एमबीची होते. दुसरं असं की एका गिऱ्हाइकाने त्यांनी दिलेली जेपीजी मेटाडेटा (फाईलच्या आत चित्राबरोबर लिहिलेली माहिती) दाखवणाऱ्या वेबसाईटवर टाकून बघितली तर कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये कधी कधी सेव्ह झाली त्याची पूर्ण यादी दिसली, आणि वर दुसऱ्याच लग्नातल्या नवरानवरीची नावं दिसली. तर ही हिस्टरी काढता येते का, आणि बदलता येते का, असं त्यांचं विचारणं आहे.

मी जळगावात प्रिंटिंगच्या कामात आहे, अल्बम, पत्रिका, फ्लेक्स, केळीच्या खोक्यांची डिझाईनं सगळंच हातून जातं, त्यामुळे हा आजार चांगल्या ओळखीचा आहे. आधीच सांगून टाकतो, काढता येते आणि बऱ्याच वेळा काढलीच पाहिजे, पण बदलायच्या भानगडीत पडू नका. का ते खाली येईलच.

आधी एक गैरसमज. फोटोशॉपच्या हिस्टरी पॅनेलमध्ये ज्या स्टेप्स दिसतात, ज्यावर क्लिक करून आपण मागे जातो, त्या फाईलमध्ये सेव्ह होत नाहीत, फाईल बंद केली की गेल्या. आपण बोलतोय ते वेगळं आहे. फाईलच्या आत एक्सएमपी नावाचा मजकुराचा एक भाग असतो, फोटोशॉपवाल्या अडोबी कंपनीने २००१ मध्ये आणला, २०१२ मध्ये त्याचं आयएसओ स्टँडर्ड झालं, आज लाईटरूम, इलस्ट्रेटर, गिंप सगळेच त्यात लिहितात. कॅमेऱ्याची माहिती ज्यात असते ते एक्झिफ वेगळं आणि बातमीदारांच्या कॅप्शनसाठीचं आयपीटीसी वेगळं, पण तिन्ही एकाच फाईलमध्ये शेजारी शेजारी बसलेले असतात आणि काही गोष्टी तिन्हीकडे परत परत लिहिलेल्या असतात, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता एक्सएमपीमध्ये हिस्टरी म्हणून जे असतं ते एका जागी नसतं, चार पाच वेगवेगळ्या जागी असतं आणि प्रत्येकाचा त्रास वेगळा.

पहिली जागा म्हणजे मीडिया मॅनेजमेंटवाली हिस्टरी. प्रत्येक वेळी सेव्ह केलं की एक नोंद वाढते, काय केलं (तयार केली, सेव्ह केली, एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात नेली), किती वाजता, कुठल्या सॉफ्टवेअरच्या कुठल्या व्हर्जनने, विंडोज का मॅक, आणि त्या सेव्हचा एक आयडी. वेळेच्या पुढे +०५:३० असं लिहिलेलं असतं म्हणजे कॉम्प्युटर भारताच्या वेळेवर होता हेही कळतं. गिऱ्हाइकाला जी यादी दिसली ती हीच. यात तुमचे ब्रशचे फटके नसतात, चेहरा किती गोरा केला ते नसतं, फक्त केव्हा केव्हा सेव्ह केलं तेवढंच.

दुसरी जागा फोटोशॉपची स्वतःची हिस्टरी, म्हणजे हिस्टरी लॉग. हा मुळात बंद असतो, पण प्रेफरन्सेसमध्ये कोणी चालू करून ठेवला आणि मेटाडेटामध्ये लिही असं सांगितलं, त्यातही डिटेल्ड निवडलं, की मग प्रत्येक कमांड, प्रत्येक आकडा, उघडलेल्या फाईलचा पूर्ण पाथ, सगळं उतरतं. पाथमध्ये कॉम्प्युटरच्या युजरचं नाव असतं, फोल्डरला तुम्ही गिऱ्हाइकाचं आडनाव आणि गावाचं नाव दिलेलं असतं, तेही जातं. सेकंड हँड कॉम्प्युटर घेतला असेल किंवा आधीच्या मुलाने सेटिंग केलेलं असेल तर एकदा हे बघूनच घ्या.

तिसरी जागा टेक्स्ट लेयर. हे फार कमी लोकांना माहीत असतं. फोटोशॉप टेक्स्ट लेयरचं नाव आणि त्यातला मजकूर एक्सएमपीमध्ये वेगळा लिहून ठेवतं, आणि तुम्ही सेव्ह अॅजने जेपीजी काढली की तो मजकूर जेपीजीच्या पोटात जातो, चित्रात लेयर राहिलेले नसले तरी. दुसऱ्या लग्नातली नावं दिसली ती बहुतेक इथूनच, टेम्प्लेटमध्ये जुन्या जोडप्याच्या नावाचे लेयर डोळा बंद करून, म्हणजे नुसते लपवून, ठेवलेले आहेत का ते आधी तपासा. पत्रिकेच्या फाईलमध्ये तर पत्ता, मोबाईल नंबर, सगळ्या मामा-काकांची नावं असा पूर्ण मजकूर असतो.

लाईटरूम किंवा कॅमेरा रॉ वापरत असाल तर त्याच्या स्लायडरचे सगळे आकडे पण एक्सपोर्टमध्ये जाऊ शकतात, म्हणजे तुमचा जो खास टोन आहे तो समोरचा वाचून जशाचा तसा लावू शकतो. यावर जास्त बोलायचं नाही, एक्सपोर्ट करताना मेटाडेटामध्ये 'कॅमेरा रॉ माहिती सोडून सगळं' हा पर्याय आहे तो निवडा, विषय संपला.

आणि आता मुख्य आरोपी, डॉक्युमेंट अॅन्सेस्टर्स. तुमची फाईल फुगण्यामागे जवळपास नक्की हाच आहे. फोटोशॉपमध्ये एका डॉक्युमेंटमधून काही कॉपी करून दुसऱ्यात पेस्ट केलं किंवा पूर्ण फाईलच आत प्लेस केली की ज्या फाईलमधून आलं तिचा आयडी या यादीत जोडला जातो. फोटो नंतर डिलीट केला, लेयर उडवला, तरी आयडी राहतो, यादी कधी कमी होतच नाही. आता आपल्याकडची पद्धत आठवा, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) लग्नसराईत एक टेम्प्लेट बनवली, मग तीच फाईल पुढच्या जोडप्यासाठी सेव्ह अॅज, मग त्यातून पुढची, मग कोणी पेन ड्राईव्हवर धुळ्याच्या मित्राला दिली, त्याने त्यात आपल्या फ्रेमा टाकल्या, ती परत आपल्याकडे आली. म्हणजे आजच्या अल्बममध्ये कितीतरी लग्नांचे, हळदीचे, जावळाचे, कानबाईच्या फ्लेक्सचे आयडी बसलेले आहेत. एका नोंदीला साधारण ६० ते ८० बाइट लागतात, ऐकायला काहीच नाही, पण यादी एक लाखावर गेली की नुसत्या आयडीचेच ६ ते ८ एमबी होतात, आणि ही यादी जेपीजीमध्ये पण उतरते म्हणून तुमचा अंगठ्याएवढा फोटो कित्येक एमबीचा. वर फाईलच्या आत जे स्मार्ट ऑब्जेक्ट, म्हणजे फाईलच्या पोटातल्या वेगळ्या फाईली, ठेवलेले असतात त्या प्रत्येकाची आपली वेगळी यादी असते, तिथे गुणाकार होतो. फाईल शेकड्याने एमबीत गेलेली लोकांनी पाहिलेली आहे ती यामुळेच.

जेपीजीत हे मावतं कसं असं कोणी विचारेल, कारण जेपीजीचा एक सेगमेंट ६५,५३५ बाइटच्या वर जाऊच शकत नाही. तर त्यासाठी एक्स्टेंडेड एक्सएमपी नावाची सोय आहे, मोठा मजकूर तुकडे करून बऱ्याच सेगमेंटमध्ये लिहितात. काही साधी टूल्स फक्त पहिला तुकडा वाचतात आणि सगळं ठीक आहे म्हणतात, त्यावर जाऊ नका.

बघायला आणि काढायला मी एक्झिफटूलच वापरतो. फिल हार्वी नावाच्या माणसाने २००३ पासून चालवलेलं फुकट टूल आहे, कमांडवर चालतं म्हणून आपली पोरं घाबरतात पण घाबरण्यासारखं काही नाही. जेपीजी, टिफ, पीएनजी, पीएसडी सगळ्यात वाचतं आणि लिहितं. आधी नुसतं वाचा, प्रत्येक टॅग कुठल्या गटातला आहे ते दाखवायला सांगा, म्हणजे कुठली गोष्ट एक्झिफची, कुठली एक्सएमपीतल्या फोटोशॉप गटाची, कुठली मीडिया मॅनेजमेंटची ते समोर येतं. मग जे काढायचंय त्या टॅगच्या आधी वजा चिन्ह, गटाचं नाव, टॅगचं नाव आणि नंतर बरोबरचं चिन्ह, बरोबरच्या पुढे काहीच लिहायचं नाही. रिकामं सोडलं म्हणजे तो टॅग पुसला जातो, बस एवढंच व्याकरण आहे. तुमच्या केसमध्ये फोटोशॉप गटातला डॉक्युमेंट अॅन्सेस्टर्स, त्याच गटातले हिस्टरी आणि टेक्स्ट लेयर्स, आणि मीडिया मॅनेजमेंट गट पूर्ण, एवढं पुसलं की झालं. पिक्सेलला हात लागत नाही, जेपीजी परत कॉम्प्रेस होत नाही, क्वालिटी तीच राहते. खात्री करायची असेल तर नव्या व्हर्जनमध्ये फक्त चित्राच्या डेटाचा हॅश, म्हणजे ठसा, काढायची सोय आहे, आधीचा आणि नंतरचा जुळवून बघा.

टूल मूळ फाईल तशीच ठेवतं आणि नावाच्या शेवटी ओरिजिनल जोडून बाजूला सरकवतं. ही सोय बंद करता येते पण सुरुवातीला करू नका. गिऱ्हाइकाला फोल्डर देताना मात्र त्या ओरिजिनल फाईली बरोबर जात नाहीत ना ते बघा, नाहीतर साफ केलेलं आणि न केलेलं दोन्ही हातात दिलं. फोल्डरचं नाव देवनागरीत असेल तर विंडोजवर फाईल सापडत नाही असं येऊ शकतं, तेव्हा फाईलनावाचा कॅरॅक्टर सेट यूटीएफ-८ आहे असं कमांडमध्ये सांगावं लागतं, किंवा सरळ फोल्डर तात्पुरतं इंग्रजी नावाने कॉपी करून काम करा.

पीएसडी टेम्प्लेटचं मात्र थोडं वेगळं. बाहेरून एक्झिफटूल वरची यादी काढेल, पण आतल्या स्मार्ट ऑब्जेक्टपर्यंत पोचणार नाही. त्यासाठी फोटोशॉपच्या आतून स्क्रिप्ट चालवायची, जावास्क्रिप्टच्या चार सहा ओळी असतात, अडोबीची एक्सएमपी लायब्ररी लोड करायची, चालू डॉक्युमेंटचा मेटाडेटा उचलायचा, त्यातली डॉक्युमेंट अॅन्सेस्टर्स ही प्रॉपर्टी डिलीट करायची आणि मेटाडेटा परत बसवायचा. मग एकेक स्मार्ट ऑब्जेक्ट उघडून तीच स्क्रिप्ट, सेव्ह, बंद, आणि शेवटी बाहेरची फाईल सेव्ह. स्मार्ट ऑब्जेक्टच्या आत परत स्मार्ट ऑब्जेक्ट असेल तर सगळ्यात आतून सुरू करत बाहेर यायचं. काही जण नवीन कोरी फाईल घेऊन त्यात लेयर ओढून नेतात, त्याने हा प्रश्न सुटत नाही, कारण ओढून नेणं म्हणजे परत एका डॉक्युमेंटमधून दुसऱ्यात नेणंच झालं, आणि स्मार्ट ऑब्जेक्ट तर पोटातली घाण घेऊन तसेच येतात.

आता लोक जे करतात आणि मग डोकं धरून बसतात ते सांगतो. नेटवर बघून 'सगळं पुसा' ही कमांड पूर्ण फोल्डरवर मारतात. ती चालते, पण सगळं म्हणजे सगळं, त्यात कलर प्रोफाईल, म्हणजे फाईलमधले रंग कसे वाचायचे ते सांगणारी माहिती, पण जाते. फोटो अडोबी आरजीबी या जास्त रंगांच्या पद्धतीत असेल आणि प्रोफाईल गेली तर बघणारं सॉफ्टवेअर त्याला नेहमीच्या एसआरजीबी पद्धतीतला समजतं आणि शालूचा लाल रंग विटक्यासारखा दिसतो, लॅबमधून प्रिंट तसाच येतो आणि मग भांडण लॅबवाल्याशी. दुसरं, ओरिएंटेशनचा टॅग जातो, उभा काढलेला फोटो आडवा पडतो. तिसरं आणि मला सगळ्यात जास्त लागणारं, तुमचं स्वतःचं नाव, कॉपीराईट, संपर्क सगळं जातं. म्हणून पुसायचं तर नेमकं पुसा, आणि सगळंच पुसायचं असेल तर त्याच कमांडमध्ये मूळ फाईलमधून कलर प्रोफाईल, ओरिएंटेशन आणि कॉपीराईट परत उचलायला सांगा, तशी सोय टूलमध्ये आहे.

कॉपीराईटचं नुसतं भावनेचं नाही. आपल्या कॉपीराईट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने ६५-बी कलम आलं, दुसऱ्याच्या कामावरची हक्काची माहिती परवानगीशिवाय जाणूनबुजून काढली तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. म्हणजे तुमच्याकडे दुसऱ्या फोटोग्राफरचे फोटो फक्त अल्बम डिझाईनला आले असतील तर त्याचं नाव असलेले टॅग तुम्ही उडवायचे नाहीत. हिस्टरी काढा, नाव राहू द्या.

थंबनेल पण बघा. एक्झिफमध्ये एक छोटं चित्र असतं, फोटोशॉपची वेगळी प्रत असते, आणि काही सॉफ्टवेअर फोटो क्रॉप केला तरी जुनं थंबनेल तसंच सोडतात. म्हणजे बाजूला उभं असलेलं कोणी तुम्ही कापून टाकलं आणि छोट्या चित्रात ते अजून उभं. घरगुती कार्यक्रमाच्या, लहान मुलांच्या, बायाबापड्यांच्या फोटोत ही गोष्ट हलक्यात घेऊ नका, थंबनेल बाहेर काढून डोळ्याने बघा.

व्हॉट्सअॅपवर पाठवलं की मेटाडेटा जातो असं सगळे म्हणतात, फोटो म्हणून पाठवला तर खरं आहे, पण क्वालिटी टिकावी म्हणून आपण डॉक्युमेंट म्हणून पाठवतो ना, तेव्हा फाईल जशीच्या तशी जाते, हिस्टरीसकट, लोकेशनसकट. आणि पीडीएफ अल्बम देत असाल तर अजून एक, एक्झिफटूल पीडीएफमध्ये जुनं पुसत नाही, बदल शेवटी जोडतं, त्यामुळे जुना मेटाडेटा परत काढता येतो. पीडीएफ त्यानंतर दुसऱ्या टूलने नव्याने लिहून घ्यावी लागते, क्यूपीडीएफने लिनिअराईज केली की चालतं.

आता बदलण्याबद्दल. टेक्निकली हिस्टरीच्या नोंदी लिहिताही येतात, तारीख वेगळी टाकता येते, सॉफ्टवेअरचं नाव वेगळं टाकता येतं. भाऊंनी कशासाठी विचारलं माहीत नाही पण आपल्या धंद्यात ही मागणी येते. रावेर-यावलकडे वादळाने केळीची बाग आडवी झाली की फोटो घेऊन लोक येतात, तारीख मागे-पुढे करून द्या म्हणतात, कधी कोर्टाच्या कामाला बांधावरचा फोटो असतो, कधी स्पर्धेला एडिट केलेला फोटो एडिट केला नाही असं दाखवायचं असतं. माणूस अडचणीत असतो, त्याचं नुकसान खरं असतं, वाईट वाटतं, तरी मी नाही म्हणतो आणि तुम्हीही म्हणा.

कारण एक तर ते खोटं आहे, आणि दुसरं म्हणजे ते टिकत नाही. मी वर म्हटलं ना की एकच गोष्ट बऱ्याच जागी लिहिलेली असते. हिस्टरीतली तारीख बदलली तर एक्झिफची वेगळी, एक्सएमपीची बदलाची तारीख वेगळी, मेटाडेटाची तारीख वेगळी, आयपीटीसीचा ताळमेळ बघणारा डायजेस्ट वेगळा. एक्झिफटूलने एक्सएमपी लिहिलं की त्यात टूलकिट म्हणून स्वतःचं नाव लिहून ठेवतं. जेपीजीची कॉम्प्रेशनची कोष्टकं फोटोशॉपची वेगळी, कॅमेऱ्याची वेगळी, मोबाईलची वेगळी, त्यामुळे हिस्टरीत काहीही लिहिलं तरी शेवटचं सेव्ह कोणी केलं याचा अंदाज चित्राच्या डेटावरूनच येतो. तपासणारा माणूस हेच सगळं शेजारी ठेवून बघतो, आणि एक तारीख जुळली नाही की शेतकऱ्याच्या खऱ्या नुकसानीवर पण कोणी विश्वास ठेवणार नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू झालाय, त्याच्या ६३ व्या कलमाखाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर जे प्रमाणपत्र द्यायचं असतं त्यात आता फाईलचा हॅश पण लिहावा लागतो. हॅश म्हणजे फाईलचा ठसा, एक अक्षर बदललं तरी पूर्ण बदलतो. म्हणून असा फोटो कोणी आणला की त्याला सांगा मोबाईलमधली मूळ फाईल तशीच राहू दे, उघडून सेव्ह करू नको, केबलने कॉपी काढ, हॅश लिहून ठेव. अशा फाईलमधली हिस्टरी काढायची पण नाही, साफसफाई फक्त गिऱ्हाइकाला द्यायच्या प्रतीवर करायची.

एक बदल मात्र रास्त आहे, कॅमेऱ्याच्या घड्याळाचा. लग्नात दोन कॅमेरे असतात, एकाचं घड्याळ पुढे असतं, अल्बम लावताना सप्तपदी आधी आणि अंतरपाट नंतर येतो. तिथे काढल्याच्या वेळा सगळ्या सारख्या फरकाने सरकवायच्या, एक्झिफटूल ते फोल्डरभर करून देतं. ती खऱ्याकडे नेणारी दुरुस्ती आहे, आणि मूळ कार्डची कॉपी बाजूला असतेच.

नवीन फाईलींमध्ये अजून एक प्रकार येतोय, कंटेंट क्रेडेन्शियल्स. सीटूपीए नावाच्या गटाचं स्टँडर्ड आहे, २०२१ मध्ये अडोबी, मायक्रोसॉफ्ट, बीबीसी, इंटेल वगैरेंनी मिळून सुरू केलं, २०२३ च्या लायका एम११-पी कॅमेऱ्यात ते आतूनच आलं. यात एडिटची नोंद साध्या मजकुरात नसून डिजिटल सही केलेली असते, चित्राच्या हॅशला बांधलेली. त्यामुळे अशा फाईलमध्ये सही झाल्यानंतर तुम्ही एक्सएमपीचा साधा टॅग जरी पुसला तरी पडताळणी फेल होते. तेव्हा क्रम असा ठेवा, टेम्प्लेट आधी साफ, मग एक्सपोर्ट, आणि क्रेडेन्शियल लावायचंच असेल तर सगळ्यात शेवटी. २०२४ मध्ये इन्स्टाग्रामवर खऱ्या फोटोंना पण एआयने बनवल्याचा शिक्का लागला होता, कारण फोटोशॉपच्या जनरेटिव्ह टूलने छोटी दुरुस्ती केली तरी तशी नोंद फाईलमध्ये जात होती, पुढे त्यांना शिक्क्याचे शब्द बदलावे लागले. त्यावर काही जण ती नोंद पुसायची युक्ती सांगतात. माझं म्हणणं, बॅकग्राउंडला खरंच एआयने मंडप भरला असेल तर नोंद राहू द्या, आणि फक्त तारेवरचा बल्ब काढायचा असेल तर क्लोन स्टॅम्प आहेच, जनरेटिव्ह टूल लागतच नाही.

भाऊ, तुमच्यासाठी आता करायचं काम. टेम्प्लेटची एक कॉपी करा, मूळ कपाटातल्या हार्डडिस्कवर. कॉपीमधले जुन्या नावांचे बंद लेयर उडवा, स्मार्ट ऑब्जेक्ट आतून बाहेर साफ करा, प्रेफरन्सेसमध्ये हिस्टरी लॉग बघा. गिऱ्हाइकाच्या जेपीजीसाठी सेव्ह अॅज सोडा, एक्सपोर्ट अॅज वापरा आणि मेटाडेटामध्ये फक्त कॉपीराईट आणि संपर्क निवडा, कलर प्रोफाईल आत ठेवा. आणि दुसऱ्याच्या पेन ड्राईव्हवरून आलेली कुठलीही पीएसडी, मग ती किती का छान असेना, तुमच्या साफ टेम्प्लेटमध्ये प्लेस करायच्या आधी त्या फाईलवर पण हीच स्क्रिप्ट चालवा, नाहीतर तिच्या स्मार्ट ऑब्जेक्टमधून जुन्या याद्या परत आत येतील आणि पुढच्या आखाजीला फाईल परत तेवढीच झालेली असेल.